रात्री बारानंतर रस्त्यावर कोण?

शिफ्ट संपते साडेबाराला. मग कॅब, चहाची टपरी, मूड असेल तर भुर्जीपाव आणि घर. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं रूटीन हेच. त्यामुळे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ या कायद्यातलं कलम १२२ आपल्याला माहीत असण्याचं काही कारणच नाही. एका वकील मैत्रिणीने मला ते वाचून दाखवलं तेव्हा आधी हसूच आलं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर पडून असलेला किंवा रेंगाळणारा माणूस 'चोर म्हणून ख्यात' असेल आणि आपण इथे का आहोत हे त्याला नीट सांगता आलं नाही, तर तो गुन्हा. चोरी व्हायलाच हवी असं नाही. ख्याती पुरते!

आता ही ख्याती ठरवतं कोण? मला नाकाबंदीत बऱ्याचदा थांबवलंय. खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात आय-कार्ड. "मॅडम, एवढ्या उशिरा?" "ऑफिसातून." "जा, जा. पोचलात की घरी फोन करा." विषय संपला. माझं उत्तर समाधानकारक ठरलं, कारण ते मी दिलं होतं.

त्याच रस्त्यावर, फ्लायओव्हरच्या खाली, गजरे विकणारी काही पारधी कुटुंबं झोपतात. आपण सिग्नलला काच खाली करतो, दहाचे दोन गजरे घेतो, ती हीच माणसं. आडनावं काळे, भोसले, पवार, शिंदे. म्हणजे आपल्या फ्लोअरवर असतात तीच. पण पेपर उघडा. 'पारधी टोळी गजाआड' हा मथळा आपण लहानपणापासून वाचतोय. करोडोंचा बँक घोटाळा झाला की आरोपीच्या जातीची 'टोळी' गजाआड गेल्याचं कधी वाचलंय?

याची मुळं १८७१ सालात आहेत. त्या वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचं लॉजिक भन्नाट होतं. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, मग गुन्हाही पिढीजातच असणार! अख्ख्या जमातीच गुन्हेगार म्हणून सरकारी रजिस्टरात चढल्या. १९११च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाखाही यात आला. बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, गावाबाहेर जायचं तर पास काढायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी सेटलमेंट होती आणि तिथली माणसं गिरण्यांमध्ये राबायला जायची. ज्यांना कुंपणाबाहेर राहायची मुभा मिळाली, त्यांची वस्ती म्हणजे फ्री कॉलनी. सोलापूरकरांना विचारा, 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आजही आहे.

३१ ऑगस्ट १९५२ला देशभर हा कायदा रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर तब्बल पाच वर्षांनी. तेव्हापासून या जमाती 'विमुक्त'. पण १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. कागदावरून जमात गेली, 'सराईत' आला. पोलिसांच्या डोक्यातली यादी मात्र तीच राहिली. पारध्यांचा पिढीजात धंदा म्हणजे फास लावून तितर-ससे धरणं. तो १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद झाला. जमीन नाही, गावात कुणी राहू देत नाही. आसपास कुठे घरफोडी झाली की जीप आधी कुठे येते, हे सांगायला नकोच.

गजरेवालीशी माझी ओळख तशी जुनी. एकदा ती पाच-सहा दिवस दिसली नाही. आली तेव्हा विचारलं.

"बहिणीच्या मालकाला नेलं ना ताई. चौकशी हाय म्हनले."

"मग?"

"दोन रात्री ठिवलं. मग सोडलं. आता कामाला जाईना, निस्ता पडून ऱ्हातो. गाडीचा आवाज आला की पोरं झाडामागं."

मी शहाण्यासारखं विचारलं, अटकेचा काही कागद मिळाला का? तिने माझ्याकडे अशी बघितली की विचारू नका. "कशाचा कागद ओ?"

सगळी गोम इथेच आहे. 'चौकशीला नेलं' ही अटक नसते, म्हणून अटकेचा कागद नसतो. कागद नाही म्हणून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायची भानगड नाही. कोठडीत माणूस दगावला तर निदान मोजला तरी जातो, कारण अशा मृत्यूची खबर चोवीस तासांत कळवा, असा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा १९९३पासूनचा आदेश आहे. पण लंगडत परत आलेला माणूस? तो कुठल्याच आकड्यात नाही. त्याला झोप लागत नाही, तो सरकारी दवाखान्यात जायला घाबरतो, कारण मार कसा बसला असं विचारतील आणि पुन्हा पोलीस येतील. त्याच्या घरी खरंच चोरी झाली तरी तो तक्रार द्यायला जात नाही. आपल्याकडे अप्रेझल वाईट गेलं तर एचआर कौन्सेलरचा नंबर देतं. (चांगलंच आहे, मीही घेतलाय.) इथे दोन रात्रींच्या माराला साधं नावसुद्धा नाही.

मेल्यानंतर मात्र कधी कधी नाव मिळतं. फेब्रुवारी १९९८मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर हा विमुक्त जमातीतला तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. महाश्वेता देवी त्यासाठी कोर्टात भांडल्या आणि कलकत्ता हायकोर्टाने नुकसानभरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी आपल्या बारामतीतही एक पारधी माणूस पोलिसांच्या मारहाणीत गेला. दिलीप डिसूझा यांच्या 'ब्रँडेड बाय लॉ' या पुस्तकात ती हकीकत आहे. बुधनवर अहमदाबादच्या छारानगरातल्या मुलांनी नाटक केलं. ही मुलंही छारा या विमुक्त जमातीतलीच. 'बुधन थिएटर' नावाचा त्यांचा ग्रुप त्यातूनच उभा राहिला. वीकेंडला अहमदाबादला असाल तर त्यांचं एखादं नाटक बघा. गरबा आणि फाफडा कुठे पळत नाहीत.

बरं, कोर्टं गप्प बसलेली नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तर खास आहे. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांमधल्या जातिभेदावर बातम्या केल्या, मग याचिका केली. निकालात कोर्टाने विमुक्त जमातींचा मुद्दा स्वतंत्रपणे घेतला आणि या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असा पोलिसांना स्पष्ट आदेश दिला. आपण त्या आठवड्यात काय वाचत होतो, देव जाणे.

माझी वकील मैत्रीण म्हणते, आदेश फ्लायओव्हरखाली पोचायला कुणीतरी तिथे असावं लागतं. चौकशीला बोलवायचं आणि अटक करायची नसेल तर नव्या संहितेच्या कलम ३५नुसार लेखी नोटीस द्यावी लागते. ती मागता येते. मोफत वकील हवा तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे. आणि डी. के. बसू खटल्यात १९९६मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अटक करताना जागेवरच पंचनाम्यासारखा एक मेमो बनवायचा, त्यावर तारीख-वेळ घालायची आणि एका साक्षीदाराची सही घ्यायची. साक्षीदार घरचा असावा, नाहीतर त्या परिसरातला प्रतिष्ठित माणूस.

प्रतिष्ठित म्हणजे सोसायटीत राहणारा, आय-कार्डवाला, रात्री साडेबाराला कॅबमधून उतरणारा माणूसही चालतो. हे मी तिला दोनदा विचारून घेतलंय.