‘व्हल्नरेबल’ आणि धरणगावची पेठ

१/ इंग्रजीतील ‘व्हल्नरेबल’ या विशेषणाचे मूळ लॅटिन ‘वल्नस’, म्हणजे जखम. ज्याला जखम होऊ शकते, तो व्हल्नरेबल. सतराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द इंग्रजीत रुळू लागला. मराठीत त्याचे भाषांतर सर्रास ‘दुर्बल’ असे केले जाते. ते फसवे आहे.

२/ त्याच शतकातील खानदेशचे धरणगाव पाहावे. मुघल अमलातील ही भरभराटीची पेठ. १६७४ मध्ये इंग्रजांनी येथे वखार घातली. पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजांनी पेठ लुटली. १६७९ मध्ये पुन्हा लुटली.

३/ धरणगाव दुर्बल होते म्हणून का? उलट, त्याची संपन्नताच त्याला घावाच्या टप्प्यात आणत होती.

४/ किल्ल्याला ‘अभेद्य’ म्हणणारे आपण ‘भेद्य’ हा शब्द मात्र विसरलो. येथे तोच नेमका ठरतो.

५/ ‘दुर्बल’ म्हटले की दोष जखमी झालेल्याच्याच माथी येतो. ‘भेद्य’ म्हटले की वेगळे प्रश्न उभे राहतात : घाव कोठून आला? रक्षणाची जबाबदारी कोणाची होती? इतिहास वाचताना, आणि आज कोणाला ‘दुर्बल घटक’ म्हणतानाही, हे प्रश्न टाळू नयेत.