रसायन शिकायचें तर कोणत्या दारानें?

बारावीचा निकाल लागला कीं शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घरांत मोठी चिंता उभी राहते. पोरगें शास्त्र शाखेंत पास झालें, रसायनांत मार्कही बरे पडले. आतां पुढें काय? बाप गांवांतल्या शिकल्यासवरल्या माणसाला विचारतो. तो म्हणतो, "बी.एस्सी.ला घाला." बाप घालतो. तीन वर्षांनीं पोरगा पदवी घेऊन घरीं येतो आणि मग कळतें कीं, ज्या नोकरीवर सर्वांनीं डोळे लावले होते तिला दुसरीच पदवी लागते. यांत मुद्दाम कोणी फसविलें असें नाहीं. सांगणाऱ्याला ठाऊक नसतें, आणि ज्याला ठाऊक असतें तो आपल्या दारीं येत नाहीं.

रसायन या नांवानें आमच्या लोकांनीं बिचकूं नये. रंगाऱ्याची नीळ, तेल्याचा घाणा, ढोरांनीं बाभळीच्या सालींत कमावलेलें कातडें, गुऱ्हाळांत रसाची मळी वर काढणारें रानभेंडीचें पाणी, हें सारें रसायनच. हात आमचे होते, पण त्यामागचें शास्त्र दुसऱ्यांनीं लिहून काढलें. १८५६ सालीं विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोरानें लंडनांत डांबरापासून जांभळा रंग काढला. पुढें १८९७ सालीं जर्मन कारखान्यानें बनावट नीळ बाजारांत आणली आणि थोड्याच वर्षांत हिंदुस्थानांतील निळीची शेती बसली.

मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं रसायन-तंत्राचें खातें काढलें. माटुंग्याची ही संस्था २००८ पासून स्वतः विद्यापीठ झाली असून जालन्यासही तिचें केंद्र आहे. तेथें शिकवितात काय? रंग, तेलें, कापडावरील प्रक्रिया, अन्न, औषधें. बलुतेदारांचीच यादी वाचतों आहों असें आम्हांस वाटलें! गोव्यांतील माशेलच्या गरीब घरांतले, विधवा आईनें वाढविलेले रघुनाथ माशेलकर येथेंच केमिकल इंजिनियर झाले. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेंत १९९५ सालीं दिलें गेलेलें पेटंट १९९७ सालीं रद्द झालें, तें माशेलकर प्रमुख असलेल्या सरकारी संशोधन परिषदेनें केलेल्या तक्रारीमुळें. आमच्या सांगलीच्या हळदकऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां दारें पाहूं. साधी बी.एस्सी. जवळच्या कॉलेजांत होते आणि तिची फी इतरांहून कमी. पूर्वीं ती तीन वर्षांची होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें आतां चौथें वर्ष करून ऑनर्सही घेतां येतें. पण आमचें स्पष्ट मत असें कीं, नुसत्या बी.एस्सी.वर थांबणाऱ्यास कारखान्यांत पाळीच्या कामापलीकडे फारसें मिळत नाहीं. एम्.एस्सी. झाली तर या पदवीचें चीज होतें. औषधांच्या कारखान्यांत सेंद्रिय रसायनवाल्याला विचारतात, तपासणीच्या प्रयोगशाळेंत विश्लेषण शिकलेल्याला. जॅम नांवाची परीक्षा दिली तर आय.आय.टी.मध्येंही एम्.एस्सी. करितां येते. ज्यांच्या गांवाशेजारीं साखर कारखाना आहे त्यांनीं मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची चौकशी अवश्य करावी. साखर आणि मद्यार्क यांचें शिक्षण तेथें बी.एस्सी. रसायननंतर मिळतें.

केमिकल इंजिनियरिंग ही निराळी चीज आहे. प्रयोगशाळेंत जें वाटीभर होतें तें टनावारी, स्फोट न होतां, परवडेल अशा खर्चांत कसें करावें, याची ही विद्या. तींत रसायन थोडें. नळ, उष्णता, दाब आणि गणित फार. आणि येथेंच आमचीं पोरें अडतात. अकरावीला "गणित जड जातें" म्हणून कोणीतरी सोडवून देतो, आणि त्या दिवशीं हें दार बंद होतें, तें पोराला दोन वर्षांनीं कळतें. ज्याला दहावीनंतर लवकर हाताला काम हवें त्यानें पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करावा. त्यावरून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट जातां येतें.

बी.फार्म.ला गणित किंवा जीवशास्त्र, कोणतेंही चालतें. एक गैरसमज मात्र फार पसरला आहे, कीं बी.एस्सी. झालेल्याला औषधाचें दुकान चालवितां येतें. नाहीं येत. त्याला फार्मसीची पदवी किंवा पदविका आणि कौन्सिलची नोंदणी लागते.

पोराला खरोखर संशोधनाची ओढ असेल तर पुण्यास २००६ सालीं निघालेली आयसर आहे. तिची स्वतःची प्रवेश-परीक्षा असते व बारावीनंतर पांच वर्षांत दुहेरी पदवी मिळते. मुंबईस कलिना येथेंही तसेंच एक केंद्र २००७ पासून आहे. खेड्यांतलीं पोरें या परीक्षांचे अर्जच भरीत नाहींत. नापास होणें परवडलें, पण अर्जच न भरणें हें आम्हांस पटत नाहीं.

पैशाचें काय, असें आयाबाया विचारतील. ज्या घरचें उत्पन्न आठ लाखांचे आंत आहे अशा मागास व आर्थिक दुर्बल वर्गांतील मुलींना व्यावसायिक पदव्यांची शिक्षण-फी व परीक्षा-फी सरकारनें २०२४ सालीं माफ केली आहे. तेव्हां "मुलीवर कशाला खर्च" ही सबब आतां उरली नाहीं. डॉक्टरेटपर्यंत पोंचणाऱ्यांसाठीं बार्टी, सारथी व महाज्योति यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. पण सर्वांत मोठी अडचण आमच्या मतें कागदांची आहे. राखीव जागेसाठीं जातीचा दाखला असून भागत नाहीं, त्याची पडताळणीही लागते. आणि समितीपुढें आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले शोधतां शोधतां प्रवेशाची मुदत निघून जाते. ज्यांचें पोर यंदा अकरावीला आहे त्यांनीं ऊसतोडीच्या व सुगीच्या गडबडींत हें काम पुढें न ढकलतां याच महिन्यांत अर्ज घालावा, आणि अर्जाची पोंच जपून ठेवावी.