गूगलवर आपले नाव का दिसत नाही?

"वेबसाइट केली, पैसे दिले, चार महिने झाले, पण गूगलवर आमचे नाव येतच नाही." या अर्थाचे प्रश्न सध्या आमच्याकडे फार येतात. कुणाचा घरगुती मसाल्याचा व्यवसाय आहे, कुणी आपा शिवणकामाचे वर्ग घेतात, कुणाचे छोटे नर्सरी स्कूल आहे. सगळ्यांची तक्रार एकच.

या वेळी आम्ही येडगावहून आलेला प्रश्न घेत आहोत, कारण त्यात बाकीच्यांचेही प्रश्न आले आहेत. येडगाव हे जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळचे, कुकडी नदीवरच्या धरणाचे गाव. २०१८ मध्ये सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले आणि इथल्या बऱ्याच घरांना वाटू लागले की शेतीला पाहुण्यांचा जोड मिळेल. या कुटुंबानेही दोन खोल्या नीट केल्या, घरच्या जेवणाची सोय ठेवली आणि ओळखीच्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली. पाहुणे मात्र नातेवाइकांच्या ओळखीने येतात तेवढेच. आता एका माणसाचा फोन येतो आहे. दर महिन्याला ठरावीक रक्कम द्या, 'पहिला नंबर गॅरंटी'. वडील द्यायला तयार आहेत. बारावी झालेली मुलगी म्हणते, थांबा. देण्याची रक्कम तिच्याच पुढच्या वर्षाच्या फीसाठी बाजूला काढलेली आहे.

आमचे उत्तर: थांबा. आधी खाली दिलेल्या गोष्टी घरीच तपासा. त्यांतल्या बहुतेकांना एक पैसाही लागत नाही.

आधी हे समजून घ्या

गूगलचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याचा आपोआप फिरणारा प्रोग्राम आपल्या पानापर्यंत पोहोचतो. दुसऱ्यात ते पान वाचून त्याची नोंद करतो. कुणी काही शोधले की तिसऱ्या टप्प्यात त्या नोंदींतून पाने निवडून क्रम लावला जातो. शाळेच्या ग्रंथालयासारखेच हे आहे. पुस्तक कपाटात असून नोंदवहीत नसेल, तर मागणाऱ्याला 'नाही' असेच उत्तर मिळते. लोक थेट क्रमाची चिंता करतात, पण अडचण पुष्कळदा नोंदीतच असते.

१. नोंद आहे की नाही?

गूगलच्या शोधचौकटीत रोमन लिपीत 'साइट' हा शब्द लिहा, त्याला लागून एकावर एक दोन टिंबे द्या आणि जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता लिहा. आपली पाने दिसली, तर नोंद आहे. काहीच आले नाही, तर बहुधा नोंद झालेली नाही.

याचे एक नेहमीचे कारण अगदी साधे असते. वर्डप्रेसवर वेबसाइट बनवताना, काम अर्धवट असेपर्यंत गूगलने ती दाखवू नये म्हणून एका चौकटीत खूण करतात. काम संपल्यावर ती काढायची राहून जाते. 'सेटिंग्ज'मध्ये 'रीडिंग' या पानावर तळाशी ती चौकट असते. खूण असेल तर काढा. ज्याने वेबसाइट केली त्याला हेही विचारा की 'नोइंडेक्स' असा आदेश कुठल्या पानात राहिला आहे का, किंवा रोबोट्स नावाच्या फाइलमध्ये गूगलला अडवले आहे का.

त्यानंतर 'गूगल सर्च कन्सोल' उघडा. ही गूगलचीच मोफत सोय आहे. वेबसाइट आपली असल्याची खात्री करून दिली की कोणते पान नोंदले, कोणते नाही आणि का नाही, हे ती सांगते. लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत आले, तेही दिसते. सर्व पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, इथेच देता येते.

२. मजकूर आहे की मजकुराचे चित्र?

येडगावच्या या वेबसाइटवर खोल्यांचे दर, जेवणाचा तपशील, येण्याचा रस्ता हे सगळे एका सुंदर जाहिरातपत्रकाच्या फोटोत आहे. माणसाला ते वाचता येते. गूगल चित्रातली अक्षरे काही प्रमाणात ओळखू शकतो, पण त्यावर विसंबून राहणे बरे नाही. तोच मजकूर पानावर टाइप करून लिहा. फोटोखाली तो कशाचा आहे, हेही एका ओळीत लिहा.

उर्दू वाचणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. अनेक उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे इनपेजमध्ये पान लावून त्याचे चित्रच वेबसाइटवर टाकत होती. त्यामुळे त्यांतली बातमी नंतर शोधून सापडणे अवघड झाले. मराठीत हेच जुन्या फॉन्टच्या बाबतीत घडते. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. छापखान्यात ते चालते, वेबसाइटवर नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. ओळखण्याची खूण सोपी आहे: पानावरचे एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये टाका. मराठीच दिसले तर ठीक. भलतीच अक्षरे दिसली, तर मजकूर बदलून घ्या.

३. प्रत्येक पानाला नाव द्या

शोधाच्या निकालात जी मोठी ठळक ओळ दिसते, ती बहुतेक वेळा पानाच्या शीर्षकावरून येते. पुष्कळ वेबसाइटवर तिथे 'होम' किंवा 'वेलकम' एवढेच असते. दुकानाच्या पाटीवर फक्त 'दुकान' लिहिल्यासारखे हे झाले. त्याऐवजी 'येडगाव धरणाजवळ घरगुती मुक्काम आणि जेवण, नारायणगाव, जुन्नर' असे लिहा. दरांच्या पानाला वेगळे शीर्षक, रस्त्याच्या पानाला वेगळे. सगळ्या पानांना एकच शीर्षक देऊ नका.

४. शोधणारा कोणता शब्द लिहितो?

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे. गावाच्या नावापासूनच पाहा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनावश्यक अनुस्वार गेले आणि 'गांव'चे 'गाव' झाले, पण 'येडगांव' असे लिहिणारे अजूनही आहेत. रोमन लिपीत तर एकच नाव तीन प्रकारे लिहिले जाते. पुण्या-मुंबईच्या माणसाला येडगाव हे नावही ठाऊक नसेल. तो 'नारायणगावजवळ राहण्याची सोय' असे लिहील.

दुसरे उदाहरण घ्या. जुन्नरजवळ हापूसबागेत एक भव्य जुनी कबर आहे. मराठीत तिला 'सौदागर घुमट' म्हणतात. उर्दू बोलणाऱ्या घरातला पाहुणा 'सौदागर गुंबद' किंवा 'गुंबज' असे शोधेल. गूगलला असे जवळचे शब्द बरेच कळतात, पण छोट्या गावांच्या आणि स्थळांच्या नावांत तो चुकू शकतो. म्हणून दोन्ही नावे ओघात एकदा येऊ द्या: "सौदागर घुमट, ज्याला काही जण सौदागर गुंबद म्हणतात." एवढे पुरते.

तीच शब्दांची माळ पन्नास वेळा लावू नका. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्ती कुणी सांगितली, तर तिला हात लावू नका. गूगल तिला फसवणूक समजतो आणि वेबसाइट मागे पडू शकते किंवा निकालांतून काढूनही टाकली जाऊ शकते. 'मेटा कीवर्ड' भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर हसून नकार द्या. क्रम लावताना आपण ते पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

५. मोबाइलवर उघडून पाहा

गूगल आता वेबसाइटचे मोबाइलवर दिसणारे रूपच मुख्य मानतो. कॅमेऱ्यातून काढलेले पाच-पाच एमबीचे दहा फोटो पानावर तसेच टाकले असतील, तर पान उघडेपर्यंत पाहुणा दुसरीकडे जातो. फोटो आकाराने लहान करून टाका. 'पेजस्पीड इनसाइट्स' या गूगलच्या मोफत सोयीत पत्ता टाकला की पान कशामुळे संथ आहे ते कळते. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' आहे ना, तेही पाहा. नसेल तर पाहुण्याला 'सुरक्षित नाही' अशी सूचना दिसते. तीच वेबसाइट दोन पत्त्यांवर उघडत असेल, तर एक पत्ता कायमचा ठरवून दुसरा त्याकडे वळवून घ्या.

६. नकाशावर नोंद करा

मुक्काम, दुकान, वर्ग असे ठिकाण असलेल्या व्यवसायाला वेबसाइटइतकीच नकाशावरची नोंद उपयोगी पडते. ती 'गूगल बिझनेस प्रोफाइल'मध्ये होते आणि मोफत असते. नाव पाटीवर आहे तेच द्या, त्यात 'सर्वोत्तम', 'स्वस्त' असे शब्द जोडू नका. पत्ता आणि फोन नंबर वेबसाइटवर, नकाशावर आणि इतर सगळीकडे एकच ठेवा. पाहुण्यांना अभिप्राय द्यायला जरूर सांगा, पण त्यासाठी सूट देऊ नका आणि घरच्यांकडून खोटे अभिप्राय लिहून घेऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि आपल्या रोजीच्या हिशेबातही बसू नये.

७. लिहायचे काय?

"आमच्याकडे निसर्गरम्य वातावरण आहे" हे वाक्य हजारो वेबसाइटवर आहे. येडगावच्या माणसाने ते लिहून काय उपयोग? पाहुणे फोनवर जे विचारतात, ते एका वहीत टिपून ठेवा. तेच तुमच्या पानांचे विषय.

धरणात पाणी कधी असते? हे पाटबंधाऱ्याचे धरण आहे. पावसाळ्यानंतर भरलेले असते आणि उन्हाळ्यापर्यंत आवर्तने सुटून पाणी बरेच खाली जाते. सप्टेंबरचा फोटो लावून मे महिन्यात पाहुणा बोलावला, तर तो नाराज होणारच. फोटोखाली महिना लिहा. बिबट्याची भीती आहे का? जुन्नरचे बिबटे सगळ्यांना माहीत आहेत, माणिकडोहला त्यांचे निवारा केंद्रही आहे. ही गोष्ट लपवू नका. अंधार पडल्यावर उसाच्या बाजूला एकटे जाऊ नये, मुलांना सोबत ठेवावे, हे सरळ लिहा. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण यांपैकी कुठे कसे जायचे, किती वेळ लागतो, ते स्वतः जाऊन पाहून लिहा. जेवण हलाल आहे का, नमाजसाठी जागा आहे का, शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत का, हेही लोक विचारतात. जे खरे असेल ते लिहा.

अशी माहिती दुसऱ्या गावच्या माणसाला घरबसल्या लिहिता येत नाही. म्हणून तीच शोधणाऱ्याच्या कामाची असते.

गॅरंटीवाल्याला काय विचारावे?

पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असे गूगल स्वतः सांगतो. त्याच्याच सल्ल्यानुसार, अशा कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागू शकते. पैसे भरून वर येतात त्या जाहिराती, आणि त्यांच्यावर तशी खूण असते. त्यांचे पैसे थांबले की त्याही थांबतात. हे काम जाणणारे प्रामाणिक लोकही आहेत आणि मोठ्या वेबसाइटला त्यांची गरज पडते. पण कुणालाही काम देण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोणत्या शब्दांसाठी पहिला नंबर? कुणीही न शोधणाऱ्या शब्दांवर पहिले येणे सोपे असते. आमच्या पानांत नेमके काय बदलणार? आणि दुसऱ्या वेबसाइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंक विकत घेणार का? उत्तर 'हो' आले तर फोन ठेवा, कारण तसे करणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे.

एक गोष्ट मात्र आजच करा. वेबसाइटचे नाव कुणाच्या नावाने नोंदले आहे, सर्च कन्सोल आणि नकाशाची नोंद कुणाच्या ईमेलवर आहे, हे तपासा. पुष्कळ घरांत ती करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असते. तो नोकरीसाठी दूर गेला किंवा बोलणे बंद झाले, की साधा फोन नंबरही बदलता येत नाही. सातबारा जसा आपल्या नावावर ठेवतो, तशाच या नोंदी घरच्या ईमेलवर घ्या. पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असू द्या, आणि त्यांतली एक ही सगळी कामे करणारी घरातली मुलगी असू द्या. तिची फी भरून उरलेल्या पैशांतून काही करायचेच असेल, तर चांगले फोटो काढून घ्या.