काचेआडचा चेहरा

आमच्या माजघराच्या भिंतीवर आमच्या आजीचें छायाचित्र आहे. तिचें म्हणून जें काय आहे, तें एवढें एकच. घरांतील तिन्ही भावांच्या बिऱ्हाडांस त्याची प्रत हवी होती. परंतु कित्येक पावसाळ्यांच्या दमटपणानें मूळ कागद काचेस असा चिकटला आहे कीं, तो सोडवूं गेल्यास चेहराच सोलून निघावयाचा. म्हणून काचेसकट छायाचित्र घेण्याचें काम आमच्या पुतण्याकडे आलें. त्यानें अनेकदां कॅमेरा रोखला आणि प्रत्येक वेळीं समोरची खिडकी आजीच्या कपाळावर उमटली.

उपाय म्हणून त्यानें पोलरायझर नांवाचे दोन फिल्टर आणले. एक स्वस्त विकत घेतलेला आणि एक मित्राचा, महाग. "काका, यानें चकाकी जाते," असें तो मोठ्या विश्वासानें म्हणाला. दोन्ही लावून पाहिले. खिडकी जागच्या जागीं! "दोन्ही खोटे दिसतात," म्हणून तो रागावला. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. प्रकाशाचें शास्त्र आमचा विषय नव्हे. तथापि साधनास दोष देण्यापूर्वीं त्याचा धर्म जाणून घ्यावा, ही आमची जुनी खोड. आम्हीं पुस्तक उघडलें.

प्रकाश पुढें जात असतां त्याच्या लहरी उभ्या, आडव्या, तिरप्या अशा सर्व दिशांनीं डोलत असतात. तें डोलणें एकाच दिशेस बांधलें जाणें यास ध्रुवण म्हणतात; ध्रुव म्हणजे अढळ, हें वाचकांस सांगावयास नकोच. 1808 सालीं पॅरिस येथें मालुस यानें लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेला मावळतीचा प्रकाश स्फटिकांतून पाहिला, तेव्हां काचेवरून परतणारा प्रकाश असा बांधला जातो हें त्याच्या ध्यानीं आलें. पुढें 1815 सालीं ब्रूस्टर यानें हें कोणत्या कोनांत पूर्णपणें घडतें त्याचा नियम सांगितला. पाण्याकरितां तो कोन सुमारें 53 अंश आणि काचेकरितां सुमारें 56 अंश असून तो पृष्ठभागाच्या लंबापासून मोजावयाचा असतो. या कोनाच्या आसपास उभें राहून फिल्टर फिरविला, तर चकाकी अडते. अगदीं समोरून परतणाऱ्या प्रकाशाचें मात्र ध्रुवण होतच नाहीं. आणि आमचा पुतण्या नेमका समोर उभा होता!

त्यास बाजूस उभें केलें, फिल्टर हळूहळू फिरवावयास सांगितलें, आणि खिडकी विरून गेली. आजीचा चेहरा स्वच्छ दिसला. त्याबरोबरच चकाकीनें आजवर झांकलेली गोष्टही दिसली. बुरशीचा पांढुरका डाग खांद्यावरून गालापर्यंत चढला होता. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "आणखी एक पावसाळा गेला, तर प्रत कोणाची काढणार?"

तिरकस घेतलेल्या चित्राची चौकट वांकडी येते. ती संगणकावर सरळ करतां येते, पण बारकावे थोडेफार हरवतात. म्हणून त्याच दिवशीं खिडक्या लावून घेतल्या, कॅमेऱ्यामागें काळें कापड धरलें, चित्राच्या दोहों बाजूंस 45 अंशांत दिवे ठेविले आणि फिल्टर काढून समोरूनच प्रत घेतली. फिल्टरनें रोग दाखविला. औषध निराळें निघालें.

आतां खरेदीविषयीं. चकाकी घालविण्यांत आमच्या दोन फिल्टरांत फारसें अंतर आढळलें नाहीं. स्वस्ताची छटा मात्र पिवळसर होती व त्याचें कडें अडखळत फिरे. महागाच्या काचेवर लेप असल्यानें तिची स्वतःची चमक कमी होती. म्हणून घेतांना कोऱ्या कागदावर धरून रंग पाहावा, कडें फिरवून पाहावें. भिंगें निरनिराळ्या मापांचीं असल्यास सर्वांत मोठ्या भिंगाचा एकच फिल्टर घेऊन इतरांस जोडकडीं लावावीं.

याच्या जाती दोन: एकरेषीय व वर्तुळी. आंत आरसा असलेल्या कॅमेऱ्यास वर्तुळी घ्यावा. नाहींतर फोकस व प्रकाशमापन चुकूं शकतें. आरसा नसलेल्यास सामान्यतः दोन्ही चालतात. पारख सोपी आहे. भिंगास लागणारी बाजू भिंतीवरील आरशाकडे करावी आणि फिल्टरांतून त्याचेंच प्रतिबिंब पाहावें. वर्तुळी असल्यास तें काळवंडतें.

फिल्टर लावल्यावर निम्मा ते पाव प्रकाशच आंत पोहोंचतो, हेंही ध्यानांत ठेवावें. सूर्यापासून 90 अंशांवरचें आकाश त्यानें गडद निळें होतें, पण रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगांतून तेंच आकाश एकीकडे गडद व एकीकडे फिकें दिसतें. धातूच्या भांड्यांवरील चकाकी त्यानें जात नाहीं.

ज्यांच्या घरीं असें जुनें चित्र काचेखालीं असेल, त्यांनीं फिल्टर घ्यावा वा न घ्यावा. परंतु येत्या पावसाळ्यापूर्वीं एकदां बाजूस उभें राहून, निरखून पाहावें, आणि प्रत काढून ठेवावी.