‘सापडला नाही’ : एक प्रामाणिक नोंद

सांगलीच्या हळदीच्या पेढीवर चाळीस वर्षे रोजकीर्द लिहिलेले एक आजोबा निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत गेले. मुलाचे बिऱ्हाड ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळ. एका रविवारी सकाळी दहा वर्षांची नात त्यांना घराजवळच्या वनोद्यानात घेऊन निघाली. तिच्या हातात मोबाइल, मोबाइलवर नकाशा आणि नकाशावर एक हिरवा ठिपका. ‘‘आजोबा, आज आपल्याला कॅश शोधायची आहे,’’ ती म्हणाली. आजोबा जागीच थांबले. कॅश म्हणजे रोकड. ती रानात कोण ठेवील? आणि ठेवलीच असेल, तर दुसऱ्याने ती शोधून काढावी हे कोणत्या न्यायात बसते?

परदेशी मुलांकडे जाऊन येणाऱ्या अनेक वाचकांनी नातवंडांच्या तोंडून हा शब्द ऐकला असेल. ‘जिओकॅशिंग’ हे त्या खेळाचे पूर्ण नाव. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी आणि ‘कॅश’ म्हणजे लपवून ठेवलेली वस्तू. हा दुसरा शब्द फ्रेंचमधून आला असून उत्तर अमेरिकेतील जुने शिकारी आपली शिधासामग्री ज्या गुप्त जागी ठेवीत, तिला तो लावला जाई. रोकड या अर्थाचा कॅश शब्द निराळा. इंग्रजीत दोहोंची अक्षरे वेगळी आहेत, देवनागरीत मात्र ती एकसारखी उमटतात. म्हणून या लेखात त्या वस्तूला सरळ ‘डबा’ म्हणणे सोयीचे.

योगायोग असा, की या खेळाचा जन्म त्याच पोर्टलंडच्या परिसरात झाला. उपग्रहांवरून स्थान सांगणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकेच्या संरक्षण खात्याची. सामान्य नागरिकांना मिळणारे तिचे संकेत पूर्वी मुद्दाम ढोबळ ठेवले जात, त्यामुळे दाखविलेल्या जागेत शंभर मीटरपर्यंत चूक संभवे. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हे बंधन उठविण्याचे जाहीर केले आणि त्याच मध्यरात्री ते उठले. आता एखादे विशिष्ट झाडसुद्धा आकड्यांनी सांगता येऊ लागले. या अचूकतेची परीक्षा पाहावी म्हणून डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ३ मे रोजी बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली. तीत वही, पेन्सिल, पुस्तके, गलोल आणि घेवड्याचा हवाबंद डबा अशा वस्तू होत्या. मग त्यांनी त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर प्रसिद्ध केले. शोधणाऱ्याने काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी, एवढीच अट होती. काही दिवसांतच माइक टीग यांनी ती बादली प्रथम शोधली.

आरंभी या डब्याला ‘स्टॅश’ म्हणत. पण त्या इंग्रजी शब्दाला चोरट्या मालाचा वास येतो. म्हणून ३० मे २००० रोजी मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचविले आणि तेच रूढ झाले. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगात अवघे ७५ डबे नोंदलेले होते. आज ही संख्या ३० लाखांवर गेली आहे. उद्याने, पूल, डोंगरवाटा, शहरातील बाके, सर्वत्र हे डबे आहेत.

खेळ वाढला तशी त्याची परिभाषा तयार झाली आणि परिभाषेबरोबर रीतही. डबा लपविणारा हा त्याचा ‘मालक’. लपविला की त्याचे काम संपत नाही, सुरू होते. वही भिजली, झाकण फुटले, डबा हरवला, तर दुरुस्ती त्यानेच करावयाची. नवा डबा जवळच्या डब्यापासून किमान १६१ मीटर दूर असावा, जमिनीत पुरलेला नसावा आणि जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी असावी, हे मुख्य नियम. स्वयंसेवक परीक्षक या गोष्टी पाहतात आणि मगच डबा नकाशावर येतो.

प्रत्येक डब्याला मालक दोन अंक देतो. एक शोधण्याच्या अवघडपणाचा, दुसरा वाटेच्या खडतरपणाचा. दोन्ही १ ते ५ या मापात. वाटेचा अंक १ असेल तर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसालाही तेथे पोहोचता आले पाहिजे, असा त्याचा अर्थ. मालकाने तीन पायऱ्या चढून जाण्याच्या जागेला निष्काळजीपणे १ हा अंक दिला, तर कोणी तरी खुर्चीतून तेथवर येईल आणि डब्यापासून चार हातांवरून परत फिरेल. आकडा लिहिताना त्या अनोळखी माणसाची आठवण ठेवणे ही या खेळातील पहिली सभ्यता होय.

दुसरी सभ्यता देवघेवीची. मोठ्या डब्यात खेळणी, नाणी, बिल्ले अशा किरकोळ वस्तू असतात. वस्तू उचलली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची ठेवावी. ते जमत नसेल तर काहीच उचलू नये. चांगली गाडी घेऊन तुटके बटण टाकणाऱ्याला कोणी पकडत नाही, पण पुढे येणाऱ्या मुलाच्या हाती ते बटणच लागते. अनेक जण नोंदीत ‘टीएनएलएन’ एवढी चार अक्षरे लिहितात. म्हणजे काही घेतले नाही, काही ठेवले नाही. खाण्याचे पदार्थ मात्र ठेवावयाचे नाहीत, कारण वासाने रानातील प्राणी डबा फोडतात. कधी डब्यात क्रमांक कोरलेली धातूची पट्टी लावलेली वस्तू सापडते. ती ‘ट्रॅव्हल बग’. तिचा प्रवास तिच्या मालकाने ठरविलेला असतो. तिला कोठून कोठे जावयाचे आहे, हे तिच्या क्रमांकावरून संकेतस्थळावर पाहता येते. ज्याच्या हाती ती येते तो तिचा धनी होत नाही, काही दिवसांचा राखणदार होतो. तिला पुढच्या डब्यापर्यंत पोहोचविणे एवढेच त्याचे काम. ती घरी शोभेच्या कपाटात ठेवणे म्हणजे दुसऱ्याची ठेव दडपणे.

या सगळ्याचा कणा मात्र ती छोटी वही. डब्यातील वहीत तारीख घालून स्वतःचे नाव लिहावे आणि मगच संकेतस्थळावर ‘सापडला’ अशी नोंद करावी, हा मूळ दंडक. कोऱ्या वहीत पहिले नाव लिहिणाऱ्याला ‘एफटीएफ’, म्हणजे प्रथम शोधकर्ता, हा मान मिळतो आणि त्यासाठी लोक पहाटे उठून धावतात. आभाराची ‘टीएफटीसी’ ही अक्षरेही सर्वत्र दिसतात. पण या परिभाषेतील सर्वांत महत्त्वाची तीन अक्षरे अगदी निराळी आहेत. ती म्हणजे ‘डीएनएफ’ : शोधला, सापडला नाही.

त्या रविवारी नेमके तेच घडले. फर वृक्षांच्या ओलसर सावलीत आजोबा आणि नात पाऊण तास शोधत होते. शेवाळलेल्या ओंडक्याखाली पाहिले, पोकळ बुंध्यात हात घातला, नेच्याची पाने बाजूला सारली. मालकाने दिलेली सूचना सांकेतिक लिपीत होती. इंग्रजी वर्णमालेत प्रत्येक अक्षर १३ जागा पुढे सरकवून ती लिहितात, म्हणजे ज्याला मदत नको त्याच्या डोळ्यांवर उत्तर पडू नये. नातीने तीही उलगडून पाहिली. डबा मिळाला नाही. मुलीचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा पाहून आजोबा म्हणाले, ‘‘अगं, एवढं चालून आलो आपण. सापडला म्हणून लिहून टाक. इथं कोण बघायला येतंय?’’

‘‘पण आजोबा, आपण वहीत सही कुठं केली?’’

आजोबा गप्प झाले. चाळीस वर्षांत त्यांनी पावतीवाचून एकही रक्कम जमा धरली नव्हती. नातीवरच्या मायेपोटी ते आज तेच करावयास निघाले होते. मुलीने तेथेच एका दगडावर बसून नोंद केली : शोधला, सापडला नाही, आजोबा बरोबर होते, रान सुंदर आहे.

अशी नोंद करणे अनेकांच्या जिवावर येते. सापडलेल्या डब्यांची संख्या प्रत्येकाच्या नावापुढे दिसते आणि अपयश कोणाला मिरवावेसे वाटत नाही. काही जण रिकाम्या हाताने परततात आणि मौन पाळतात. ही गोष्ट निरुपद्रवी वाटते, पण तसे नाही. डबा खरोखरच हरवला असेल, तर मालकाला ते कळण्याचा मार्ग मुख्यतः हाच. ओळीने तीन-चार ‘सापडला नाही’ दिसले की तो जाऊन पाहतो. सगळेच गप्प राहिले, तर डबा कागदोपत्री शाबूत राहतो आणि पुढची दहा कुटुंबे पेट्रोल जाळून त्याच बुंध्यात हात घालतात. बुडीत कर्ज पुस्तकात चालू दाखविले की ताळेबंद देखणा दिसतो, पण तो पाहून पैसे ठेवणाऱ्याचे नुकसान होते. तोच हा प्रकार.

मौनापेक्षा वाईट म्हणजे खोटी जमा. तिचे प्रकार खेळाडूंनी नावांनिशी ओळखले आहेत. घरबसल्या, त्या जागी पाऊलही न टाकता केलेल्या नोंदीला ‘आरामखुर्चीतील नोंद’ म्हणतात. डबा सापडला नाही म्हणून खिशातील दुसरी डबी तेथे टाकावयाची, तिच्यात स्वतःचे नाव लिहावयाचे आणि ‘सापडला’ म्हणावयाचे, याला ‘थ्रोडाउन’ म्हणतात. करणारा तो उपकार समजतो. प्रत्यक्षात मूळ डबा बहुधा तेथेच असतो. मग एका जागी दोन डबे होतात, कोण कोणाच्या वहीत सही करतो ते कळेनासे होते, आणि मालकाच्या माथी न मागितलेली वस्तू येते. तिसरा प्रकार सोबतीचा. दहा जणांच्या चमूतील एकाने डबा शोधावा आणि बाकीच्या नऊ जणांची नावे त्यानेच लिहावीत. सगळे त्या झाडाखाली उभे असतील तर बहुतेकांना त्यात वावगे दिसत नाही. पण चमूतील निम्मे लोक त्या वेळी दुसऱ्या गावात असतील, तर ती हजेरी खोटीच. अशा नोंदी मालकाला खोडता येतात, मात्र प्रत्येक वही उघडून पडताळणी करणारा मालक विरळा. खेळ टिकला आहे तो खोडण्याच्या अधिकारावर नव्हे, बहुसंख्य लोक खोटे लिहीत नाहीत यावर.

न्याय केवळ खेळणाऱ्यांपुरता नसतो. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना खेळाडू ‘मगल’ म्हणतात. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतील हा शब्द जादू न येणाऱ्या माणसांसाठी आहे. शब्दात थोडी थट्टा आहे, पण रस्त्यावर हक्क त्या माणसांचाही तितकाच. इंग्लंडमधील वेदरबी गावात २०११ साली एका उपाहारगृहाजवळ कोणी डबा ठेवताना दिसले. लोकांना संशय आला, रस्ता रिकामा करण्यात आला आणि बॉम्बनाशक पथकाने तो डबा फोडला. एका खेळाने गावाचा दिवस भीतीत गेला. म्हणून डबा पारदर्शक असावा, त्यावर खेळाचे नाव असावे, परवानगी घेतलेली असावी आणि कोणी विचारले तर खरे ते सांगावे. आपल्याकडेही काही हौशी लोक हा खेळ खेळतात. गर्दीची स्थानके आणि संरक्षित किल्ले येथे तर ही काळजी दुप्पट हवी. ‘सीआयटीओ’ या नावाने एक सुंदर प्रथाही या खेळात रुजली आहे. डब्याकडे जाता-येता वाटेवरचा कचरा उचलून आणावयाचा. जी जमीन आपल्याला खेळू देते तिचे देणे असे फेडावयाचे.

आजोबांचा मुक्काम संपला आणि ते सांगलीस परतले. तीन आठवड्यांनी एका रात्री नातीचा फोन आला. तिच्या नोंदीपाठोपाठ आणखी दोघांनी ‘सापडला नाही’ लिहिले होते. मालकाने जाऊन पाहिले, तर पावसाच्या पाण्याने डबा वाहून गेलेला. त्याने नवा ठेवला आणि नोंदी करणाऱ्या तिघांचे आभार मानले. त्या क्षणी नात त्याच झाडापाशी उभी होती, वही उघडून.

‘‘आजोबा, तुमचं पण नाव लिहू ना? आपण दोघांनी शोधला होता.’’

आजोबांना मोह झाला नाही असे नाही. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘नको बाळा. मी आज तिथं नाही. तुझं लिही. माझं पुढच्या वर्षी, मी आलो की.’’