पहिला तास आणि मोबाइलचा पडदा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीपासून पाचव्या फेरीपर्यंत (२०१९-२१) उत्तर प्रदेशात रुग्णालयांतील बाळंतपणे ६७.८ टक्क्यांवरून ८३.४ टक्क्यांवर गेली. मात्र जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण २५.२ वरून २३.९ टक्क्यांवर उतरले. रुग्णालय जवळ आले, आईचे दूध आले नाही.

ऑनलाइन शिक्षण ही दरी बुजवील काय? काही अंशी, होय. आयआयटी मुंबईच्या ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल’च्या चित्रफिती बाळाला छातीशी कसे धरावे हे भारतीय भाषांत दाखवतात. पहिलटकरणीची उमेद अनेकदा ‘दूध पुरत नाही’ या भीतीने खचते. बाळ जितके चोखते तितके दूध तयार होते, आरंभीचा थोडासा चीकही त्याला पुरतो, हे आधीच उमगले तर ती भीती ओसरते.

परंतु याच पाहणीत देशातील केवळ ३३.३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. शिवाय बाळाची चुकलेली पकड पडदा सुधारत नाही. लखनौजवळच्या शिवगडमध्ये कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन आईसह कुटुंबीयांनाही स्तनपान, ऊब आणि स्वच्छतेचे महत्त्व पटवले. नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी घटल्याचे २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले.

म्हणून चित्रफीत गरोदरपणातच, सासूसह पाहिली जावी. आणि पहिल्या तासात प्रशिक्षित हात आईजवळ असावा. ज्ञान पडद्यावरून मिळेल, धीर मात्र माणसानेच द्यावा लागतो.