काठावरचा माणूस

मृग आठ दिवसांवर आला आहे. कोकणात एक जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. आपल्याकडे, कोल्हापुरात, उलटे. वर्षभर शेडमध्ये पडून असलेल्या बोटी आता बाहेर निघतात. तळ ठोकून बघायचा, ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागचे मशीन, सुरू करून बघायचे, जॅकेटचे बंद ओढून बघायचे. शिवाजी पेठेतल्या आमच्या कचेरीत या आठवड्यात तुम्हा बचाव पथकवाल्यांपैकी पुष्कळ जण येऊन गेले. बोलणे एकाच गोष्टीचे: यंदा बोट कितीची घ्यायची, मशीन किती एचपीचे, रबरी बरी की फायबरची. बोट पाण्यात गेल्यावर काठावर कोण उभे राहणार, हे एकानेही विचारले नाही. म्हणून या अंकाची सुरुवात त्या माणसापासून.

२०२४ च्या मे महिन्यातले तीन दिवस आठवा. मंगळवारी, २१ तारखेला, संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहत काठाला लागला. तिथला शोध संपलेला नव्हता तोवर बुधवारी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत दोन तरुण बुडाले. गुरुवारी त्यांना शोधायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याहून आली, पाण्यात उतरली आणि त्यांचीच बोट उलटली. दलाचे तीन जवान गेले. तिन्ही दिवस पावसाळ्याच्या आधीचे. महापूर नाही, रेड अलर्ट नाही, नेहमीचे पाणी.

प्रवरेतल्या त्या घटनेचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. ज्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी जीव दिला त्यांच्याबद्दल इथे बसून शहाणपण सांगणार नाही. पण त्या बातमीनंतर आमच्याकडे जी पत्रे आली त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता: इतकी तयारीची माणसे, आणि त्यांची बोट कशी उलटते? त्याचे साधे उत्तर असे की नदीला माणसाची तयारी कळत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की बोटीवर येणारा रेटा चौपट होतो. हे गणित शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला सारखेच लागू आहे.

आपल्या नद्यांवर तर या गणितात बंधारे येतात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून आपल्या गावाचे नाव ज्याला मिळाले, तो बंधारा बचावाच्या दृष्टीने पाण्यातली सर्वांत फसवी जागा आहे. वरून पडलेले पाणी तळाला जाते, पुढे काही फुटांवर उसळून वर येते, आणि तिथून वरच्या थरातले पाणी उलटे फिरून परत भिंतीकडे येते. काठावरून बघणाऱ्याला फक्त पांढरा फेस दिसतो. त्या फेसात हवा कोंडलेली असते, म्हणून जॅकेट नेहमीइतके उचलून धरत नाही आणि ओबीएमच्या पंख्याला पकड मिळत नाही. खालच्या अंगाने बोट जवळ नेली की उसळीची रेघ ओलांडताच ती आपोआप भिंतीकडे ओढली जाते, वरचे पाणी बोटीत कोसळते आणि पुढचे काही सेकंदांत होते. मोठा पूर येऊन बंधारा खोल बुडाला की हा उलटा फेर पुष्कळदा मोडतो. पाणी मधल्या उंचीवर असते तेव्हा, म्हणजे पंचगंगेच्या बाबतीत राजाराम बंधाऱ्यावरच्या ३९ फुटांच्या इशारा पातळीची बातमी यायच्या बऱ्याच आधी, त्याची भीती जास्त. काही गाळ्यांतले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले आणि काहींतले राहिलेले असले तर दर दहा फुटांवर पाणी वेगळे वागते.

बोटीत बसलेल्याला ही उसळीची रेघ दिसत नाही. तो पाण्याच्या पातळीत असतो, त्याची नजर बुडणाऱ्यावर असते. रेघ दिसते ती काठावर उंच जागी उभ्या असलेल्या माणसाला. वरून ओंडका वाहत येतोय, हेही त्यालाच आधी दिसते. उजनीसारख्या मोकळ्या पाण्यावर वाऱ्याची काळी पट्टी लांबून सरकत येते, तीही त्यालाच. त्याच्या हातात शिटी आणि खालच्या अंगाला दोर फेकायला दोन माणसे तयार असली, तर बोट उलटल्यावरही गोष्ट संपत नाही. एवढ्याने प्रत्येक जीव वाचेल असे म्हणणार नाही. ज्या पथकात सहा जण आहेत आणि सहाही बोटीत चढतात, त्या पथकाने आपल्या सुटकेची सोय मागे ठेवलेली नसते, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

आता काठावरच्या माणसाच्या दुसऱ्या कामाविषयी, माणसे मोजण्याविषयी. त्यासाठी २०१९ कडे जावे लागते. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ ची. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन दिवसचे दिवस बंद राहिला. समुद्रावरची माणसे, नौदल आणि तटरक्षक दल, आपल्या उसाच्या फडांवरून बोटी चालवत होती. एनडीआरएफ, सैन्य, व्हाईट आर्मीसारखे आपले स्वयंसेवक, तालमीची पोरे, सगळे त्यात होते. काही ठिकाणी गुऱ्हाळाच्या काईलीतून म्हातारी माणसे बाहेर काढली गेली. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. डझनाहून जास्त माणसे गेली, त्यात बायका आणि लहान मुले होती. बोटीत तिच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त माणसे बसली होती.

त्या बोटीत चढणाऱ्या माणसाला दोष देता येत नाही. पाणी उंबऱ्यावरून घरात आले आहे, दोन दिवस वीज नाही, पुढची फेरी येईल याची खात्री नाही. कोण मागे थांबेल? बोट चालवणाऱ्यालाही दोष देता येत नाही. समोर त्याची चुलती उभी आहे, शेजारी आहे, शाळेतले गुरुजी आहेत. 'काकी, तुम्ही पुढच्या फेरीला' हे शब्द त्याच्या तोंडून निघणे जवळजवळ अशक्य आहे. शिवाय त्याचे लक्ष मशीनवर, पंख्यात उसाचा पाला अडकतोय का यावर, डोक्यावरच्या विजेच्या तारांवर. माणसे मोजणे हे त्याचे काम असूच नये. बोटीची क्षमता तिच्या अंगावर रंगवलेली असते, पण घाबरलेली गर्दी ती वाचत नाही. ती वाचून दाखवणारा, शक्यतो बाहेरगावचा, कुणाचाही काका-मामा नसलेला एक माणूस काठावर लागतो.

त्याच पुरात शिरोळ तालुक्यात मी असा एक माणूस बघितला. पेशाने प्राथमिक शिक्षक, निवृत्त, पोहता अजिबात येत नव्हते. कमरेएवढ्या पाण्यात एका ट्रॉलीवर उभे राहून ते वहीत नावे लिहीत होते. दर फेरीला आठ. नववा चढला की ते हात वर करत आणि बोट हलत नसे. लोक चिडले, एकाने शिवी दिली. गुरुजींनी त्याचेही नाव लिहून घेतले आणि शांतपणे सांगितले, "तुझा नंबर पुढच्या फेरीत पहिला." ती वही दिसत होती म्हणून लोक थांबले, असे मला आजही वाटते. आपले नाव लिहिले गेले आहे, आपण विसरले जाणार नाही, एवढा भरवसा माणसाला पुरतो. मी स्वतः त्या दिवशी बोटीत होतो, सायंकाळी गळ्यात हार माझ्याच पडला. गुरुजी तोवर ओल्या धोतराने घरी गेले होते. ती गोष्ट मला अजून बोचते.

समुद्रावर हे फार आधी ओळखले गेले. आपल्या तटरक्षक दलाकडे सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर सागराची शोध आणि बचावाची जबाबदारी आहे. तिथे कुठल्याही जहाजाच्या कप्तानाने आपल्या मनाने सारे ठरवायचे नसते. मुंबईच्या बचाव समन्वय केंद्रात बसलेला अधिकारी हा त्यांचा काठावरचा माणूस. १५५४ वर आलेला फोन, चॅनल १६ वरची हाक, वाऱ्याची दिशा, जवळचे व्यापारी जहाज, हे सगळे त्याच्या टेबलावर एकत्र येते आणि कोण निघणार ते तिथे ठरते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ तराफ्यावर २६१ माणसे होती. नौदल आणि तटरक्षक दलाने उधाणलेल्या समुद्रातून १८० हून जास्त जिवंत बाहेर काढली. तरीही सत्तरच्या आसपास गेलीच. वादळाचा इशारा काही दिवस आधीच दिलेला होता. किनाऱ्यावरून आलेला शब्द वेळेत पाळला जाणे हीदेखील बचावाचीच बाजू आहे, आणि ती हेलिकॉप्टरच्या चित्रफितीत दिसत नाही.

गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी फेरीबोटीवर १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची इंजिन-चाचणीवरची वेगवान बोट आदळली. १५ जण गेले. टक्कर होणे फेरीतल्या कुणाच्या हातात नव्हते. पण परवाना ८४ प्रवासी आणि सहा खलाशांचा असताना फेरीत शंभराहून अधिक माणसे होती, आणि पुष्कळांच्या अंगात जॅकेट नव्हते. जॅकेट बाकाखाली असते तेव्हा ते नसल्यासारखेच. या दोन्ही गोष्टी धक्क्यावर ठरतात, फेरीने दोर सोडण्याआधी. तिथे मोजणारा माणूस ठाम असता तर मृतांचा आकडा कमी झाला असता का, हे कुणी सांगू शकणार नाही. पण तो ठाम असायला हवा होता, यात शंका नाही.

ब्रिटनमध्ये १८२४ पासून स्वयंसेवकांची लाइफबोट संस्था आहे. तिथे बोट पाण्यात सोडायची की नाही, याची परवानगी किनाऱ्यावरचा नेमलेला माणूस देतो. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलमधल्या माउसहोल गावातून 'सॉलोमन ब्राउन' ही लाइफबोट वादळात निघाली. निघण्याआधी नाखव्याने सतरा वर्षांच्या एका मुलाला घ्यायला नकार दिला, कारण त्याचे वडील आधीच बोटीत होते. एका घरातला एकच, एवढेच त्याचे म्हणणे. त्या रात्री बोटीवरचे आठही जण गेले. तो मुलगा राहिला आणि पुढे त्याच स्थानकाच्या लाइफबोटीचा नाखवा झाला. आपल्या पथकांत सख्खे भाऊ, बाप-लेक एकाच बोटीत हौसेने बसतात. यंदा तरी हे थांबवा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आमची पिढी रंकाळा तलावात पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकली. काठावर वस्ताद असायचा. तो कधी पाण्यात उतरला नाही, पण त्याची नजर कुणावरून हटली नाही, आणि त्याने 'बाहेर ये' म्हटले की बाहेर यायचे, का ते विचारायचे नाही. पेठेतल्या जुन्या मंडळींना हे सांगायला नको. त्या वस्तादाची जागा आज पथकात रिकामी आहे. धाडसी पोरांना बोटीत जागा मिळते, गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीच्या जाणत्याला 'तुम्ही आता घरी बसा' सांगितले जाते. त्याला काठावर उभे करा. त्याचा शब्द पथकप्रमुखाच्या, सरपंचाच्या आणि गावात आलेल्या पुढाऱ्याच्याही वर राहील, असे कोरड्या दिवसांत, सगळ्यांसमोर ठरवून घ्या. पुरात ठरवायला गेलात तर त्याचे कुणी ऐकणार नाही.

बोटवाल्याचा बेल्ट, मशीन बंद करणारी कमरेची दोरी, फेकदोराची लांबी, विजेच्या तारांपासूनचे अंतर, यावर आत सविस्तर लेख आहेत, ते वाचालच. मला या पानावर आणखी एकच सांगायचे आहे. या अंकाचे शेवटचे पान आम्ही जाणूनबुजून कोरे ठेवले आहे. त्यावर फक्त रकाने आहेत: फेरी क्रमांक, बोटीची क्षमता, चढलेल्यांची नावे, जॅकेट घातलेले किती, निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, आणि खाली काठावरच्या माणसाची सही. पान फाडून घ्या, झेरॉक्स काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोटीच्या दोराबरोबर ठेवा. पेन्सिलही ठेवा, पावसात शाई टिकत नाही. भरलेली पाने पूर ओसरल्यावर आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती सह्यांसकट छापू.